हिरव्या मुठीचा शिकंजा

नऊ जुलैला फ्रेमच्या दुकानातलं सगळं सामान मिळून सहा हजार चारशे पन्नास रुपयांना गेलं. घेणारा सुतार सहा हजारांवर अडून बसला होता. वरचे साडेचारशे मास्तरांनी काढले, तेही आवाज न चढवता. "काच सोडा हो, पट्ट्या बघा. इतकी वाळलेली पट्टी आज बाजारात मिळते का?" एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले आणि शेवटी सुताराने कंटाळून मान हलवली. पट्ट्या, काचा, बारीक दातांची करवत, गुण्या आणि फ्रेमचे चारही कोपरे एकदम आवळून धरणारा, लाकडी मुठीचा लोखंडी शिकंजा असं सगळं हातगाडीवर चढलं.

दुकान ताईंचं होतं. ताई घरी अंथरुणावर होत्या आणि त्यांना यातलं काहीही ठाऊक नव्हतं. त्यांची धाकटी बहीण, पोस्टात काउंटरवर बसणारी, किल्ली मुठीत धरून दुकानाच्या दाराशी उभी होती. जागेचा मालक दुसरा भाडेकरू घेऊन दोनदा येऊन गेला होता. तिला दहा ते पाच पोस्ट सोडता येत नव्हतं आणि पाचनंतर बहिणीला सोडता येत नव्हतं. इलाज नव्हता.

"मास्तर, ताईला काय सांगू?"

"काही सांगायचं नाही. दुकान चालू आहे म्हणायचं."

"तिने विचारलं तर?"

"विचारायला बोलता यायला हवं ना, बाई. आपण 'हो'ला 'हो' करायचं. मी नऊ वर्षं केलंय. माझ्यावर विश्वास ठेवा."

तिने ठेवला. मास्तरांना पुढे छळत राहिलं ते हेच, की तिने क्षणाचाही विचार न करता ठेवला.

मास्तर म्हणजे शिंपी. उंच, किंचित वाकलेले, गळ्यात टेप. ती टेप नसली की त्यांना अंगात शर्ट नसल्यासारखं वाटायचं. त्यांच्या बायकोला विसरण्याचा आजार झाला तेव्हा दुकान पुढे आणि घर मागे अशी त्यांची दोन खोल्यांची जागा होती, आणि नऊ वर्षं त्यांनी एका डोळ्याने शिलाई आणि दुसऱ्या डोळ्याने बायको सांभाळली. संध्याकाळ झाली की ती चपला घालून माहेरी जायला निघायची. माहेर मोडून वीस वर्षं झाली होती. पहिली दोन वर्षं मास्तर तिला खरं सांगायचे, आणि रोज संध्याकाळी तिची आई तिच्यासाठी नव्याने मरायची. मग एक दिवस ते थकून म्हणाले, "चला की. बसला वेळ आहे, तोवर चहा घेऊ." तिने चपला काढल्या, चहा घेतला आणि बस विसरली. त्या दिवसापासून मास्तरांनी बायकोच्या कुठल्याच गोष्टीला नाही म्हटलं नाही. आई येणार का? येणार. आज शाळेला सुट्टी का? सुट्टीच.

ही विद्या त्यांनी गुरुवारच्या बैठकीत आणली. वाचनालयाच्या मागे, जुनी वर्तमानपत्रं बांधून ठेवतात त्या खोलीत, दर गुरुवारी चार वाजता दहा-बारा माणसं जमायची. घरचं आजारी माणूस सांभाळणारी माणसं. पगार नाही, रजा नाही, राजीनामा देण्याची सोय नाही अशी नोकरी करणारी. बैठक सुरू केली होती सिस्टरनी. त्या निवृत्त नर्स, आणि आता घरी नवऱ्याच्या नर्स. त्यांनी दोनच नियम केले होते. एक, प्रत्येकाने त्या आठवड्यात घरी चाललेली एक युक्ती सांगायची; रडणं मग, युक्ती आधी. दुसरा, आठवड्यातून दोन तास एकाने दुसऱ्याच्या आजाऱ्यापाशी बसायचं, आणि सुटलेल्या माणसाने त्या दोन तासांत औषध, दळण, बिल असलं काही करायचं नाही. केस कापावेत, बाकावर बसावं, नाहीतर सरळ झोपावं.

मास्तरांची युक्ती बैठकीत गाजली. एक ड्रायव्हर होता, आईला सांभाळणारा, तो म्हणायचा, "मास्तर, लग्नातसुद्धा तुम्ही इतक्यांदा 'हो' म्हटलं नसेल."

"लग्नात एकदाच म्हटलं आणि अडकलो. तेव्हापासून म्हणतोच आहे."

खोली हसायची. मग मास्तर आणखी एक सांगायचे. बायको शेवटच्या वर्षात एकदा चहाचा कप खाली ठेवून, त्यांच्याकडे नीट बघून म्हणाली होती, "तुम्ही खोटं किती छान बोलता." यावर तर लोकांच्या डोळ्यांतून पाणी यायचं हसून हसून. मास्तरही हसायचे.

बायको गेली, तरी मास्तर दर गुरुवारी यायचे. सांभाळायला कोणी उरलं नव्हतं, पण सांगायला नऊ वर्षं होती. घरी त्यांना कोणी काही विचारत नव्हतं. इथे लोक विचारत होते. नवं माणूस आलं की सिस्टर त्याला मास्तरांशेजारची खुर्ची द्यायच्या, आणि त्या खुर्चीचा मास्तरांना थोडा अभिमान वाटू लागला होता, हे नाकारण्यात अर्थ नाही.

एप्रिलमध्ये त्या खुर्चीवर पोस्टातली धाकटी येऊन बसली. ताईंना झटका आला होता. उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं. एकच शब्द उरला, 'बरं'. पाणी हवं तरी 'बरं', नको तरी 'बरं'. पहिला महिनाभर त्या खरोखरच गोंधळलेल्या होत्या, दिवस-रात्र कळत नव्हती, बहिणीला कधी ओळखायच्या, कधी नाही. धाकटीने हे सगळं सांगितलं आणि मास्तरांनी मान डोलावली. ऐकलेलं सगळं त्यांना ओळखीचं वाटलं.

सिस्टर तेव्हा म्हणाल्या होत्या. जोरात नाही, पण म्हणाल्या होत्या. "मास्तर, ही केस वेगळी आहे. वाचा गेलीय, समज गेलीय असं नाही."

"अहो सिस्टर, मलाही तसंच वाटायचं पहिल्यांदा."

पन्नास माणसांचे पन्नास सदरे शिवताना दर वेळी नव्याने टेप लावणारा हा माणूस. पण इथे त्याने एकाच्या मापावर दुसऱ्याचं कापड कापलं, आणि त्याला ते कळलंही नाही.

जुलैत दुकान गेलं आणि धाकटीची खोटी गिऱ्हाइकं सुरू झाली. पोस्टातून आली की ती पाय धुवायची, ताईंच्या उशाशी बसायची आणि सांगायची, "ताई, आज शाळेतल्या बाई आल्या होत्या गं, वर्गाचा फोटो घेऊन. मी म्हटलं, ताई आली की करून देईल." ताई म्हणायच्या, "बरं." धाकटीला हायसं वाटायचं. हळूहळू ती यात इतकी तरबेज झाली की गुरुवारी तीच युक्ती म्हणून सांगू लागली. "काल मी एक म्हातारं जोडपं आणलं. लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणे, जाड फ्रेम पाहिजे."

ड्रायव्हर म्हणाला, "बाई, दुकान चालू होतं तेव्हा तरी एवढं गिऱ्हाईक होतं का?"

"छे! ताई गिऱ्हाइकाला हाकलायचीच जास्त. 'ह्या फोटोला ही पट्टी शोभत नाही, नेऊ नका' म्हणायची."

सगळे हसले. मास्तरांनी कौतुकाने धाकटीच्या पाठीवर थाप मारली. सिस्टर मात्र चहाचे कप गोळा करत होत्या.

मंगळवारचे दोन तास ताईंपाशी बसायची पाळी मास्तरांची होती. धाकटी अर्धा दिवस रजा टाकून त्या वेळात नदीकाठी जाऊन यायची. मास्तर ताईंशी बायकोशी बोलायचे तसंच बोलायचे, गोड, सावकाश, प्रत्येक वाक्य वर उचलत. "काय ताई, आज ऊन छान पडलंय ना? हो ना?" ताई खिडकीकडे बघायच्या. तिथे ढग असायचे.

सप्टेंबरातल्या एका मंगळवारी ते बायकोचा फोटो घेऊन गेले. फ्रेमचा एक कोपरा उघडला होता. ताईंचा जीव रमेल, लाकडाचा स्पर्श ओळखीचा वाटेल, एवढाच हेतू. लहान मुलाला खुळखुळा द्यावा तसा. त्यांनी तो ताईंच्या मांडीवर ठेवला.

ताईंनी आधी फोटोकडे बघितलं. बराच वेळ. मग मास्तरांकडे. मग डाव्या हाताने फ्रेम पालथी केली, अंगठ्याने पुठ्ठा दाबला, उघडलेला कोपरा दोन बोटांत धरून हलवला आणि नाकाने एक आवाज काढला. तो आवाज मास्तरांना पक्का माहीत होता. दुसऱ्या शिंप्याने बिघडवलेली विजार कोणी दुरुस्तीला आणली की ते स्वतः तोच आवाज काढायचे. ताईंनी फट दाखवली, हवेत करवत चालवली, तिरपी. मग मास्तरांच्या गळ्यातल्या टेपचं टोक पकडून ओढलं आणि फ्रेमच्या समोरासमोरच्या दोन बाजूंवर टेकवलं. एक बाजू दोन सुतांनी मोठी होती.

समोर बसलेल्या बाईंना सगळं समजत होतं. आजच नव्हे, कधीपासून कोण जाणे. खिडकीतले ढग, वर्गाचा फोटो, पन्नास वर्षं झालेलं म्हातारं जोडपं.

ताईंनी हवेत किल्ली फिरवली. चारही कोपरे आवळल्याची खूण केली. एकाच हाताने, पण साफ. दुकान उघडा, शिकंजा आणा. आणि त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवून थांबल्या.

खरं सांगायचा तो क्षण होता. 'ताई, दुकान नाही राहिलं,' एवढे चारच शब्द. मास्तर तोंड उघडताना तेच म्हणणार होते, अशी त्यांची आजही समजूत आहे. पण जित्याची खोड. नऊ वर्षं जिभेला जे वळण लावलं होतं तिकडेच ती वळली.

"हो हो, आणतो की! पुढच्या मंगळवारी आणतो."

"बरं," ताई म्हणाल्या आणि फ्रेम उशीखाली सरकवली.

मास्तरांनी धाकटीला सांगायला हवं होतं. सिस्टरना तरी सांगायला हवं होतं. गुरुवारच्या बैठकीत त्यांची पाळी आली तेव्हा "या आठवड्यात विशेष काही नाही" असं म्हणून ते मोकळे झाले, आणि शुक्रवारी सुताराच्या कारखान्यात गेले.

"शिकंजा? तोच तर रोज लागतो मला," सुतार म्हणाला. "मास्तर, तुम्ही विकलेलं परत मागता? साडेचारशे वर काढलेत ते विसरलो नाही मी."

"आठवड्यापुरता द्या. तुमच्या कारागिरांना दोन एप्रन शिवून देतो."

"तीन."

"तीन."

शिकंज्याची मूठ आता हिरवी होती. सुताराने आपल्या सगळ्या हत्यारांच्या मुठी त्याच रंगात बुडवून काढल्या होत्या, म्हणजे कोणी उचलून नेलं तर रस्त्यातही ओळखू यावं. मास्तरांना त्यात काहीच दिसलं नाही. स्वतःच्या कात्रीला लाल दोरा गुंडाळून ठेवणारा माणूस, पण दुसऱ्याच्या हत्याराचा रंग त्याला नुसता रंग वाटला. स्वच्छ फडक्यात गुंडाळून त्यांनी तो मंगळवारी नेला. जिने चढताना त्यांना बरंसुद्धा वाटत होतं. शब्द पाळला होता ना.

ताईंनी फडकं सोडलं. मूठ बघितली. अंगठ्याच्या नखाने थोडा रंग खरवडला. खाली त्यांच्या हाताने गुळगुळीत झालेलं जुनं लाकूड होतं. मग त्यांनी मास्तरांकडे बघितलं.

मास्तर म्हणाले, "ते आपलं... जरा रंग दिला. गंज धरू नये म्हणून."

लाकडाला गंज धरत नाही. हे वाक्य तोंडातून बाहेर पडलं तेव्हा मास्तरांनाही ऐकू आलं. ताईंनी 'बरं'सुद्धा म्हटलं नाही. शिकंजा पांघरुणावर ठेवला आणि तोंड भिंतीकडे केलं.

धाकटी आली ती प्रसन्न होती. वाऱ्याने केस विस्कटलेले. तिने सवयीने सुरुवात केली, "ताई, आज येताना दुकानात डोकावले तर..." ताईंनी भिंतीकडे बघतच डावा हात उचलला आणि शिकंजा तिच्यासमोर धरला. शिकंजा वजनदार होता. पण धाकटीने तो घेईपर्यंत त्यांनी खाली केला नाही.

जिन्यात धाकटी मास्तरांशी बोलली, तेव्हा तिचा आवाज काउंटरवरचा होता. "मास्तर, तुमचं माणूस विसरत होतं. माझं विसरत नव्हतं."

"बाई, मला त्या दिवशीच कळलं होतं..."

"कळलं होतं? कधी?"

"मागच्या मंगळवारी. फ्रेम आवळायला त्यांनी शिकंजा मागितला तेव्हा."

ती पायरीवर बसली. तिथूनच म्हणाली, "म्हणजे तिने शिकंजा मागितला तो फ्रेमसाठी नव्हता हो. मी तर खोटं बोलतेय हे तिला केव्हाच कळलं असणार, दर आठवड्याला त्याच शाळेच्या बाई आणत होते मी. तुम्ही बाहेरचे. तुम्ही तरी खरं सांगता का, ते बघत होती ती." आणि उठताना म्हणाली, "तुमच्या युक्त्या आता तुमच्यापाशी राहू द्या."

धाकटी बैठकीला यायची थांबली. मंगळवारी सिस्टर जाऊ लागल्या. त्यांच्याकडून कळायचं ते एवढंच, की ताई आता बहिणीच्या हातून घास घेत नाहीत. डाव्या हाताने स्वतः जेवतात, अर्धं सांडतं, पण घेत नाहीत. महिना-दोन महिने असंच चाललं. नंतर केव्हातरी धाकटी पोस्टात झालेल्या भांडणाची गोष्ट सांगत होती, खरी, आणि स्वतःचीच चूक होती असं म्हणाली, तेव्हा ताईंनी पहिल्यांदा तोंड तिच्याकडे वळवलं म्हणे.

"मी तेव्हाच जरा जोरात बोलायला हवं होतं," सिस्टर म्हणाल्या. मास्तरांना ते जास्त लागलं. दोष त्यांचा स्वतःचा होता आणि वाटणी दुसरं कोणी मागत होतं.

सुताराला तीनऐवजी सहा एप्रन गेले आणि शिकंजा ताईंकडेच राहिला. बैठकीत मास्तरांची पाळी आली की ते "पुढे" म्हणायचे. ड्रायव्हरने एकदोनदा जुना विनोद काढून बघितला, मग सोडून दिला. 'तुम्ही खोटं किती छान बोलता' ही गोष्ट मास्तरांनी पुन्हा कधी सांगितली नाही. पण एकटे असताना ती त्यांना आठवायची, आणि आता त्यांना बायकोचा चेहरा दिसायचा. कप खाली ठेवतानाचा. ती हसत नव्हती. नऊ वर्षांत असे किती क्षण ती पुरती शुद्धीवर होती, आणि अशा किती क्षणी त्यांनी तिला बस यायची आहे म्हणून सांगितलं, हे विचारायला आता कोणी नव्हतं.

नवं माणूस आलं तर सिस्टर अजूनही त्याला मास्तरांशेजारीच बसवत. एकदा एक तरुण बाई आली, वडिलांना सांभाळून त्रासलेली. तिने विचारलं, "काय करू?" मास्तर म्हणाले, "त्यांना काय काय कळतं, ते आधी बघा. मला विचारू नका. त्यांच्यापाशी बसून बघा." तिला उत्तर आवडलं नाही. ती पुन्हा आली नाही. हेही बरोबर होतं की चूक, मास्तरांना आजवर ठरवता आलेलं नाही.

जानेवारीत धाकटीची बदली झाली. निघायच्या आदल्या दिवशी तिने निरोप पाठवला: तुमची फ्रेम आहे, घेऊन जा.

घरात खोकी बांधलेली होती. ताई चाकांच्या खुर्चीत होत्या, मांडीवर फ्रेम. चारही कोपरे घट्ट. लांब बाजू कापून दुसरीएवढी केली होती. एका हाताने ताईंनी आणि दोन हातांनी धाकटीने. "करवत विकत आणली, रोज थोडं थोडं केलं," धाकटी म्हणाली. "मला करवत धरता येत नाही म्हणून किती ओरडली असेल! एकाच शब्दात ओरडते, पण ओरडते."

मास्तरांनी फोटो हातात घेतला. काच पुसलेली होती. ते म्हणाले, "ताई, चुकलो मी."

"बरं," ताई म्हणाल्या.

त्या 'बरं'चा अर्थ मास्तरांनी लावायचा प्रयत्न केला नाही. लावला असता तर सोयीचाच लावला असता.

ताईंनी तीन बोटं दाखवली, मग मूठ मिटली. धाकटी म्हणाली, "तीस रुपये. फुकट नाही म्हणते. दुकान आहे हे."

मास्तरांनी खिसे चाचपले. अस्तराचं कापड घेऊन ते तसेच आले होते, वीस निघाले. "दहा उद्या आणून देतो," ते म्हणाले.

"नवीन पत्ता कळवते," धाकटी म्हणाली. "याल का कधी ताईला भेटायला?"

तयार 'हो' जिभेच्या टोकावर आला. मास्तरांनी तो गिळला. "सांगता येत नाही, बाई. गुडघे धरतात. बहुतेक नाही जमणार."

ताईंच्या तोंडाची डावी बाजू किंचित वर गेली. ते हसू होतं असं धाकटीचं म्हणणं.

दुसऱ्या दिवशी मास्तर दहाची नोट घेऊन गेले तेव्हा टेम्पो तासाभरापूर्वी निघून गेला होता. पत्ता आला नाही. पोस्टात विचारला तर मिळेल, पण मास्तरांनी अजून विचारलेला नाही. फ्रेमच्या तीस रुपयांपैकी दहा रुपये देणं आहे.